मुकी किटली

सुशिक्षित मराठी घरांच्या दिवाणखान्यांत अलीकडे एक नवा पाहुणा येऊन बसला आहे. काळ्या बिडाची, खालीं रुंद, आखूड मानेची, डोक्यावरून कमानीसारखें कडें गेलेली ही जपानी किटली पुस्तकांच्या कपाटावर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेली असते. तिच्या अंगावर पाइनची फांदी, बांबूचीं पानें आणि उमेचीं फुलें उठविलेलीं असतात. विचारल्यास घरची मंडळी कौतुकानें सांगतात कीं, ही दीर्घायुष्याची खूण आहे. तींतून चहा कधीं ओतला जात नाहीं, आणि तींत पाणी उकळल्याचें तर कोणीच ऐकलेलें नसतें. दुकानदारानें तिच्याबरोबर दिलेल्या चिठ्ठीवर दोन शब्द ठळक छापलेले असतात : ‘शोभेची’ आणि ‘प्रतीकात्मक’. हे दोन्ही शब्द त्या वस्तूवर अन्याय करणारे आहेत, आणि तो अन्याय एका परदेशी भांड्यापुरता राहत नाहीं, असें माझें म्हणणें आहे.

आधीं वस्तूची ओळख नीट करून घेऊं. हिचें जपानी नांव तेत्सुबिन. ‘तेत्सु’ म्हणजे लोखंड. पाणी तापविण्याच्या भांड्याला आणि चहा ओतण्याच्या भांड्यालाही आपण मराठींत किटलीच म्हणतों, आणि सारा घोटाळा येथूनच सुरू होतो. तेत्सुबिन ही चहा मुरविण्याची किटली नव्हे. तें निव्वळ पाणी उकळण्याचें भांडें आहे. चहाचीं पानें तींत पडतच नाहींत. तीं ज्यांत पडतात तें भांडें निराळें, लहान, बहुधा मातीचें. त्यास क्यूसु म्हणतात. तेत्सुबिनची थोरली बहीण म्हणजे चागामा, चहाविधींत वापरावयाची बिनतोटीची बिडाची घागर. तींतलें पाणी वेळूच्या पळीनें घेतात. अठराव्या शतकांत या घागरीला तोटी आणि वर धरावयास कडें बसलें, आणि विधीच्या खोलींतून ती सामान्य घरच्या शेगडीवर आली. ईशान्य जपानांतील मोरिओका येथें नांबु घराण्याच्या अधिपतीनें १६५९ च्या सुमारास क्योतोहून कोइझुमी नांवाचा ओतारी बोलावून आणला होता. लोखंड, कोळसा, साच्याची वाळू व माती हीं सर्व त्या प्रांतांत मिळत, धंदा रुजला. मोरिओका व मिझुसावा या दोन ठिकाणांचें हें ओतकाम ‘नांबु तेक्की’ या नांवानें प्रसिद्ध झालें, आणि १९७५ सालीं जपान सरकारनें त्यास पारंपरिक हस्तव्यवसाय म्हणून कायद्यानें मान्यता दिली. इवाते प्रांताचा हिवाळा लांब आणि बर्फाचा. धुमसणाऱ्या कोळशावर ही किटली तासन् तास बसे. आल्यागेल्यास कढत पाणी मिळे, आणि खोलींतील कोरड्या हवेस वाफेचा ओलावा मिळे. शोभेसाठीं तिला कोणी जन्मास घातलें नव्हतें.

मग तिच्या अंगावर नक्षी कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर ती नक्षी कशी होते हें पाहिल्यावर मिळतें. ती तयार भांड्यावर मागाहून कोरीत नाहींत, आणि वरून चिकटवीत तर नाहींतच. माती व वाळू यांचा पोकळ साचा आंतून एक आकार दिलेली फळी फिरवून घडवितात, आणि तो ओला असतांनाच कारागीर त्याच्या आंतल्या अंगावर आपली फांदी उलट्या बाजूनें दाबून उमटवितो. जें साच्यांत खोल, तें लोखंडांत उंच. ‘आरारे’ म्हणजे गारा. त्या नांवाची जी ठिपक्यांची नक्षी प्रसिद्ध आहे तिचा प्रत्येक ठिपका एकेक करून हातानें दाबावयाचा, बुडाकडे मोठा आणि खांद्याकडे जातां जातां बारीक. नंतर साचा वाळवून, भाजून, आंत वाळूचा गाभा बसवून त्यांत वितळलेलें लोखंड ओततात. भांडें बाहेर निघाल्यावर तें पुन्हां कोळशाच्या भट्टींत सुमारें ८०० ते १००० अंशांपर्यंत तापवितात. त्यायोगें पृष्ठभागावर लोखंडाच्या ऑक्साइडचा पातळ पण घट्ट थर धरतो, आणि तोच पुढें गंजास आडवा येतो. बाहेरून तापल्या लोखंडावर उरुशी नांवाच्या झाडाचा चीक चढवितात. आंतून मात्र कांहींच लावीत नाहींत. पाण्याची आणि लोखंडाची गांठ पडावी, हाच तर भांड्याचा हेतु. नक्षी, आकार आणि धातु हीं तिन्ही अशा रीतीनें एकाच ओतकामांत जन्मास येतात. भांडें आधीं आणि शोभा नंतर, असा क्रमच तेथें नाहीं. पुण्याच्या तांबट आळींत तांब्याच्या भांड्यावर जें मठाराचें काम होतें तेंही याच जातीचें. हातोडीच्या ठोक्यांनीं पत्रा घट्ट होतो आणि त्याच ठोक्यांनीं तो झळाळतो. मजबुतीचा ठोका कोणता आणि शोभेचा कोणता, हें तांबटालाही निवडून दाखवितां येणार नाहीं.

आतां त्या तीन वनस्पतींचा अर्थ पाहूं. पाइन, बांबू व उमे या त्रयीस जपानींत ‘शोचिकुबाइ’ म्हणतात. कल्पना मूळ चीनची. तेथें हे ‘हिवाळ्याचे तीन मित्र’ म्हणून ओळखले जातात. पाइन थंडींत हिरवा राहतो, बांबू बर्फाच्या भारानें वांकतो पण मोडत नाहीं, आणि उमे थंडी सरण्यापूर्वींच फुलते. तेव्हां या तिघांची मैत्री कडाक्याच्या थंडींतच कळावयाची. बाहेर बर्फ पडत आहे, आंत शेगडी पेटली आहे आणि शेगडीवर पाणी कढत आहे, अशा वेळीं ही नक्षी म्हणजे त्या घटकेचेंच वर्णन होय. पण याहून सूक्ष्म गोष्ट पुढेंच आहे. पाणी उकळीस येतांना चागामांतून जो मंद, लांबट स्वर निघतो त्यास चहाविधींत ‘मात्सुकाझे’ असें नांव आहे. पाइनच्या बनांतून वाहणारा वारा, असा त्याचा अर्थ. तळाशीं उठलेले वाफेचे बुडबुडे वरच्या जरा थंड पाण्यांत विरतात, त्यांतून हा नाद उत्पन्न होतो. तो खुलावा म्हणून कांहीं भांड्यांच्या तळाशीं आंतून लोखंडाचे लहान तुकडे बसवीत. कलकत्त्यास १९०२ सालीं ठाकूर मंडळींच्या सहवासांत राहून गेलेले ओकाकुरा काकुझो यांनीं १९०६ सालच्या आपल्या चहावरील इंग्रजी ग्रंथांत या तुकड्यांचा आवर्जून उल्लेख केला आहे. तेत्सुबिन याच घागरीची धाकटी बहीण. तिच्यावरही हाच स्वर ऐकूं येतो. म्हणजे भांड्याच्या बाहेर पाइनची फांदी, आणि भांड्याच्या आंत पाइनमधला वारा. फांदी डोळ्यांची, वारा कानांचा. दोहोंनीं मिळून झाड पुरें होतें. किटली चुलीवर चढलीच नाहीं तर फांदी तेवढी उरते आणि वारा नाहींसा होतो. कपाटावरची किटली मुकी आहे असें मी म्हणतों तें या अर्थानें.

परंतु ‘प्रतीक’ या शब्दाचा आज जो बाजार मांडला आहे त्यांत या अर्ध्या राहिलेल्या अर्थाची खंत कोणासच दिसत नाहीं. चतुर म्हणजे विजय, क्रौंच म्हणजे हजार वर्षें, कासव म्हणजे दहा हजार वर्षें, अशी दरपत्रकासारखी यादी ग्राहकाच्या हातीं ठेवली जाते. चतुराला जपानी योद्धे ‘विजयी कीटक’ म्हणत हें खरें. तो पुढेंच उडतो, मागें वळत नाहीं, अशी समजूत होती, आणि म्हणून शिरस्त्राणावर त्याची आकृति बसवीत. पण तें चिन्ह धारण करणारा माणूस रणांत उभा राहणारा होता. आपल्या देवळांतील कासवाचेंच पाहा. गाभाऱ्यासमोर जमिनींत बसविलेलें कासव पाहून ज्यास गीतेच्या दुसऱ्या अध्यायांतील कूर्माचा दृष्टांत आठवतो, त्यानें पुढचें पाऊल टाकण्यापूर्वीं आपलीं इंद्रियें आंवरून घ्यावयाचीं असतात. जपानी कासव दीर्घायुष्य सांगतें, आपलें कासव संयम सांगतें. अर्थ भिन्न आहेत, परंतु दोन्ही ठिकाणीं माणसाचा कांहीं तरी भाग त्यांत गुंतलेला आहे. उलट, काचेच्या वाटींत पाणी घालून अमुक दिशेला तोंड करून ठेवावयाचें जें कासव बाजारांत मिळतें, तें ठेवणाऱ्याकडून कांहींच मागत नाहीं. तें घरांत पैसा आणण्याचें आश्वासन तेवढें देतें. दीर्घायुष्याची खूण म्हणून कपाटावर बसलेली किटली याच कासवाच्या पंक्तीस गेली आहे. प्रतीक ही माणसानें वागावयाची गोष्ट आहे. ती विकत घेऊन ठेवावयाची वस्तु झाली कीं तिचा ताईत होतो.

येथवर मी खऱ्या तेत्सुबिनबद्दल बोललों. पण जी किटली या नांवानें आपल्या घरीं येते ती पुष्कळदां तेत्सुबिन नसतेच. गेल्या शतकाच्या अखेरीस युरोपांत, विशेषतः फ्रान्समधील चहाच्या दुकानांत, लाल-निळ्या-हिरव्या रंगांच्या बिडाच्या चहादाण्या खपूं लागल्या, आणि नांबुच्या ओतकारांनींही त्या मागणीस जागून अशा चहादाण्या घडविल्या. यांना आंतून काचेसारखा एनॅमलचा लेप असतो आणि तोंडाशीं पोलादी जाळीची गाळणी असते. त्यांत चहा मुरवावा. त्या विस्तवावर ठेवूं नयेत, कारण लेप तडकतो. चहादाणी म्हणून ती वस्तु चांगली आहे, आणि ती रोज वापरणाऱ्या गृहस्थाशीं माझें कांहींच भांडण नाहीं. भांडण आहे तें नांवाशीं आणि जाहिरातीशीं. हिलाच तेत्सुबिन म्हणून विकतात, आणि वर सांगतात कीं, हिच्यांतील पाणी गोड होतें व शरीरास लोह मिळतें. उघड्या बिडांत उकळलेल्या पाण्यांत थोडें लोह उतरतें, ही गोष्ट खरी. परंतु ज्या भांड्यांत पाण्याचा लोखंडास स्पर्शच होत नाहीं, त्यांतून लोह कोठून येणार? हें साधें कोडें पदवीधर ग्राहकास सुटूं नये याचें नवल वाटतें. मग कळतें कीं, तो तें सोडवावयासच बसत नाहीं. भांडें वापरावयाचें नसलें म्हणजे त्याचें पोट काचेचें आहे कीं लोखंडाचें, हा प्रश्न निरर्थक ठरतो. ‘शोभेची’ हा शब्द असा लबाडीला आडोसा देतो.

माझ्याविरुद्ध तीन आक्षेप येतील, आणि ते विचार करण्यासारखे आहेत. पहिला असा कीं, सुंदर वस्तु नुसती पाहण्यांत काय पाप आहे? पाप मुळींच नाहीं. संग्रहालयांतील जुनी किटली मीही नुसतीच पाहीन. परंतु संग्रहालय आपल्याला सांगतें कीं, या वस्तूचा संसार संपला आहे, तिला आतां विश्रांति द्या. दिवाणखाना काल ओतलेल्या भांड्यास हीच वागणूक देतो आणि तिला रसिकता म्हणतो. दुसरा आक्षेप इतिहासाचा. स्वतः जपानी लोकांनींच एकोणिसाव्या शतकांत केवळ श्रीमंती मिरविण्यासाठीं किटल्या घडविल्या नाहींत काय? क्योतोच्या र्‍यूबुंदो या ओतशाळेचें काम, त्या काळच्या चांदी-सोन्याचें जडावकाम केलेल्या किटल्या, हीं उदाहरणें कोणीही पुढें करील. तीं मला मान्य आहेत. पण त्यांतही पाणी उकळे. चहाच्या बैठकींत पाहुण्यासमोर शेगडीवर चढवावयाची म्हणून तर ती नटविलेली. मिरवणूक होती, पण मिरवणुकीचा देव आंत होता.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, कारण त्यांत माणसांच्या पोटाचा प्रश्न आहे. शेगड्या गेल्या, ॲल्युमिनियमच्या व विजेच्या किटल्या आल्या. शोभेसाठीं कां होईना, लोक विकत घेतात म्हणून तर ओतारी जगतो, असें म्हणतात. ओतारी जगावा हें मलाही वाटतें. पण ओतारी जगणें आणि ओतकला जगणें या दोन गोष्टी आहेत. ग्राहक जें मागत नाहीं तें कारागीर हळूहळू करीनासा होतो, आणि जें करीत नाहीं तें त्याचा मुलगा विसरतो. मुक्या किटलीला भट्टींतील तो दुसरा दाह लागत नाहीं, कारण तिच्या पोटांत पाणी जाणारच नाहीं. तिची तोटी शेवटचा थेंब न सांडतां धार कशी तोडते, हें कोणी पाहत नाहीं. झाकण वाफेवर खडखडतें कीं बसून राहतें, हें कोणी ऐकत नाहीं. तिचें कडें हातांत तोललें जातें कीं नाहीं, हें कोणी अजमावीत नाहीं. राहतां राहतें तें चित्र. आणि चित्र तर यंत्रही दाबून देतें. म्हणजे शोभेच्या ग्राहकानें कारागिराला आज भाकरी दिली, पण त्याच्या हातांतून कसब काढून घेतलें.

लोखंडाची किटली नाहींशी करण्याचा एक दुसराही प्रयोग इतिहासांत झालेला आहे. जपानांत १९३८ पासून बिडाच्या वस्तूंवर निर्बंध आले, आणि १९४१ च्या फर्मानानें देवळांतील घंटांपासून घरगुती भांड्यांपर्यंत धातूच्या वस्तु युद्धासाठीं गोळा होऊं लागल्या. नांबुच्या ओतशाळांचें नेहमीचें काम बंद पडलें. कसब मरूं नये म्हणून मोजक्या कारागिरांना तेवढी परवानगी राहिली. युद्धखात्याच्या दृष्टीनें किटली म्हणजे अमुक इतकें लोखंड. आमच्या सजावटकाराच्या दृष्टीनें ती म्हणजे अमुक इतका काळा रंग, कोपऱ्यांत उठून दिसणारा. एकानें तिची गोळी केली, दुसरा तिची बाहुली करतो. दोघांच्या हेतूंत जमीन-अस्मानाचें अंतर आहे, हें मी विसरलों नाहीं. पण किटलीनें पाणी उकळावें, ही अपेक्षा दोघांपैकीं एकालाही नाहीं.

या साऱ्याच्या मुळाशीं शोभेविषयींची आपली एक चुकीची कल्पना आहे. ज्या भाषेंतून आपण ‘अलंकार’ हा शब्द घेतला तिनें आपल्याला आधींच सावध केलें होतें. अलम् म्हणजे पुरे. अलंकार म्हणजे पुरेसें करणें, सिद्ध करणें. १९३९ सालीं आनंद कुमारस्वामी यांनीं अलंकरणावरील आपल्या निबंधांत नेमका हाच मुद्दा मांडला होता : जुन्या भाषांमध्यें शोभेचे म्हणून जे शब्द आज आपण वापरतों त्यांपैकीं अनेकांचा मूळचा अर्थ सज्जता असा होता, वस्तु आपल्या कामास सर्वांगांनीं तयार झाली म्हणजे ती अलंकृत झाली. जपानांत यानागी सोएत्सु यांनीं त्याच सुमारास हें दुसऱ्या वाटेनें सांगितलें. १९२५ सालीं ‘मिंगेइ’, म्हणजे लोकांच्या हातची कला, हा शब्द त्यांनीं व त्यांच्या मित्रांनीं रूढ केला, आणि रोजच्या वापरांतूनच सौंदर्य पिकतें, असा आग्रह धरला. पुढें १९३६ सालीं त्याच यानागींना तोक्योंत या भांड्यांसाठीं संग्रहालय उघडावें लागलें, यांत जो विरोध आहे तो त्यांच्या विचाराचा नसून त्यांच्या काळाचा आहे. घरांतून हुसकलेल्या वस्तूंना कोठें तरी आसरा हवा होता. आपल्याकडे फडके-खांडेकरांच्या काळापासून ‘कलेसाठीं कला’ कीं ‘जीवनासाठीं कला’ हा वाद आपण मोठ्या आवेशानें घातला. दोन्ही पक्षांनीं एक गोष्ट मात्र न तपासतांच गृहीत धरली : कला आणि जीवन हीं दोन निरनिराळीं घरें आहेत, आणि प्रश्न कोणीं कोणाकडे जावें एवढाच. मोरिओकाच्या ओताऱ्याला हा वाद समजला नसता. ओल्या साच्यांत फांदी दाबतांना तो कोणत्या घरांत होता?

अखेर, ज्यांच्याकडे ही वस्तु आहे त्यांनीं काय करावें? प्रथम झाकण काढून आंत पाहावें. आंत चकचकीत लेप असेल तर ती चहादाणी आहे. तिच्यांत चहा मुरवावा, आणि तिला तिच्या खऱ्या नांवानें हांक मारावी. आंत उघडें, करडें बीड दिसलें तर भाग्य समजावें. तिच्यांत आपला दूध-साखरेचा चहा कदापि उकळूं नये. फक्त पाणी घालावें आणि मंद आंचेवर ठेवावें. आंतून घांसूं नये, हात लावूं नये. काम झाल्यावर सारें पाणी ओतून टाकावें आणि भांड्याच्या स्वतःच्या उष्णतेनेंच तें सुकूं द्यावें. कालांतरानें आंत पाण्यांतील क्षारांची पांढरट पुटी धरते. ती मळ नव्हे, तें कवच आहे. कोठें तांबूस डाग दिसला तर घाबरूं नये; पाणीच तांबडें येऊं लागलें तर चहाचीं पानें टाकून उकळावें, चहांतील तुरट अंश लोखंडाशीं मिळून काळा थर धरतो आणि पाणी स्वच्छ होतें. ज्या घरीं बिडाचा तवा नांदला आहे तेथें हें शिकवावयास नको. बिडाला वापर मानवतो. पडून राहिलेलें बीड गंजतें.

एवढें करणें जमत नसेल, तर किटली घेऊंच नये. परक्या संस्कृतीचा तो कांहीं अपमान होणार नाहीं. तिची फांदी मिरवून वारा मुका ठेवणें, हा मात्र होतो. आणि ज्याला एका भांड्याकडून त्याचें काम घ्यावयास वेळ नाहीं, त्यानें त्याच भांड्यापाशीं दीर्घायुष्य मागूं नये.